म्यूल डियर, ठासणीची बंदूक आणि 80 ग्रेन दारू: कोलोरॅडोतलं एक प्रकरण

माझ्या भाच्याला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या सोडतीत म्यूल डियर या मोठ्या कानांच्या हरणाच्या शिकारीचा परवाना लागला, तोही ठासणीच्या बंदुकीच्या हंगामाचा. सप्टेंबरच्या मध्यावरचे नऊ दिवस, उंचावरचं अॅस्पेनचं रान आणि नळीत एकच गोळी. तो फोर्ट कॉलिन्सला राहतो. शिकारीचं शिक्षण घेऊन त्याने कार्ड मिळवलेलं आहे. 1 जानेवारी 1949 पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे ते लागतंच. रायफलने शिकार केलेली होती, पण तोंडाकडून भरायची बंदूक कधी हाताळली नव्हती. ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांकडून त्याने थॉम्पसन सेंटर कंपनीची जुनी हॉकन विकत घेतली: .50 इंच व्यासाची, 28 इंची अष्टकोनी नळी, बाजूला घोडा, 11 नंबरच्या कॅपवर, म्हणजे घोड्याच्या घावाने ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर, उडणारी. आणि मला फोन केला.

"मामा, दीडशे ग्रेन भरतो. दोनशे यार्डांपर्यंत पोचायला हवी ना गोळी?"

ग्रेन हे दारू आणि गोळी मोजायचं बारीक माप, एका ग्रॅममध्ये साधारण पंधरा. नवा माणूस जवळजवळ नेहमी याच क्रमाने विचार करतो. आधी दारू किती, मग गोळी कोणती, आणि अंतर जे समोर येईल ते. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. आपण जास्तीत जास्त किती लांबून मारणार हे आधी ठरवायचं. त्या अंतराला हरणाच्या छातीतून आरपार जाईल अशी गोळी निवडायची. आणि त्या गोळीला दर वेळी एकाच जागी नेईल तेवढीच दारू घालायची. दारू हा शेवटचा निर्णय आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच. या बंदुकीत दुसरी गोळी भरायला अर्धं-एक मिनिट जातं, आणि तेवढ्या वेळात पोटात गोळी लागलेलं हरीण दाट रानात नाहीसं होऊन रात्रभर तडफडतं. ती वेळ कोणत्याही जनावरावर आपल्या हातून येऊ नये.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका अनेकांनी पाहिल्या असतील, पण तो विषय वेगळा. इथलं सगळं कोलोरॅडोच्या कायद्यातलं आहे, जिथे हरणांची संख्या पाहून ठरावीक परवानेच निघतात.

कायद्याने काय काय बाद झालं

कोलोरॅडोची नियमपुस्तिका नीट वाचली की निम्मी निवड आपोआप होते. ठासणीच्या हंगामात बंदुकीवर दुर्बीण चालत नाही, नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीनेच नेम धरायचा. सॅबो, म्हणजे लहान व्यासाच्या गोळीभोवतीचा प्लास्टिकचा पेला, चालत नाही. दारूच्या तयार वड्या चालत नाहीत, सुटीच दारू मापून घालायची. आजच्या काडतुसांत असते ती धूररहित दारू तर नाहीच. हरणासाठी नळी किमान .40 व्यासाची हवी, .50 पर्यंतच्या गोळीचं वजन किमान 170 ग्रेन, त्याहून जाड गोळीचं किमान 210 ग्रेन. लांबट गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त नको.

भाच्याने वड्यांचं एक खोकं आणि सॅबोंची दोन पाकिटं आधीच आणून ठेवली होती. ती परत गेली. तीन वड्यांची 150 ग्रेनची भरणी मुळात आधुनिक इनलाइन बंदुकांसाठी असते, जिथे 209 नंबरचा प्रायमर, म्हणजे कॅपहून जोरदार ठिणगी देणारी टोपी, थेट वड्यांच्या मागे असतो. बाजूच्या घोड्याच्या हॉकनसाठी ती नव्हेच. बंदुकीबरोबर आलेल्या उत्पादकाच्या पुस्तिकेत प्रत्येक गोळीसाठी दारूची वरची मर्यादा छापलेली आहे. ती ओलांडायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

धूररहित दारूबद्दल कायद्याच्या पलीकडचं एक कारण आहे आणि ते कुणी विसरू नये. ती भरली तर नळीतला दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट वाढतो आणि नळी फुटते. हात, डोळे, जीव, काहीही जाऊ शकतं. रंग काळा दिसतो म्हणून कुठल्याही डब्यातली पूड घालायची नाही. मूळ डबा, मूळ लेबल, आणि घरात एका वेळी टेबलावर एकच डबा.

नळीचा पीळ

या हॉकनच्या नळीच्या आतले पिळदार चरे, म्हणजे आटे, 48 इंचांत एक वेढा घेतात. निव्वळ गोल गोळीसाठी केलेल्या नळ्यांचा पीळ सावकाश असतो, 60 ते 66 इंचांत एक वेढा. लांबट गोळीसाठीच्या आधुनिक नळ्यांचा जलद, 28 ते 32 इंचांत एक. 48 हा दोन्हींच्या मधला.

गोळी जितकी लांब तितका तिला हवेत तोल सांभाळायला जलद पीळ लागतो. ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने 1879 मध्ये त्याचं सोपं सूत्र दिलं: 150 गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, सगळं इंचांत. .49 व्यासाच्या गोल गोळीला उत्तर येतं साधारण 73 इंच. म्हणजे 48 चा पीळ तिला हवा त्याहून जलद, पण बेताच्या दारूवर चालून जातो. याच कंपनीची 370 ग्रेनची मॅक्सी-बॉल नावाची लांबट शिशाची गोळी आम्ही कॅलिपरने मोजली, 0.8 इंचाच्या आसपास भरली. उत्तर 47. म्हणजे पीळ जेमतेम पुरतो, पण पुरतो. याहून लांब आणि जड गोळी या नळीत घालायचं कारणच उरलं नाही, आणि साडेचारशे ग्रेनच्या वरच्या गोळ्यांचा मोह तिथेच संपला.

माशीने ठरवलेलं अंतर

अंतर ठरवायला आम्ही दारूच्या तक्त्याऐवजी बंदुकीची माशी घेतली. नळीच्या टोकावरच्या मण्याची रुंदी 0.08 इंच, म्हणजे दोन मिलिमीटर. दस्ता गालाला लावल्यावर डोळ्यापासून मणी सुमारे 36 इंचांवर येतो. शंभर यार्ड म्हणजे 3600 इंच, बरोबर शंभर पट. तेव्हा शंभर यार्डांवर तो मणी आठ इंचांची जागा झाकतो. म्यूल डियरच्या छातीत काळीज आणि फुप्फुसांची जागा नऊ-दहा इंचांची असते. म्हणजे शंभर यार्डांवर जिथे मारायचं ती जागा जवळपास अख्खी माशीमागे गडप होते. संध्याकाळच्या कमी उजेडात, उभ्याने, धाप लागलेली असताना हे आणखी अवघड.

75 यार्डांवर मणी सहा इंच झाकतो, 50 वर चार. भाच्याने घरामागच्या कुंपणाला पुठ्ठ्याचं हरीण टेकवलं, अंतराच्या प्रमाणात लहान कापलेलं, आणि रिकाम्या बंदुकीने नेम धरून पाहिला. त्याला हिशेब सांगायची गरज उरली नाही. फोनवर तोच म्हणाला, "पंचाहत्तर. त्याच्या पुढे मला दिसतच नाही मी कुठे मारतोय ते." मर्यादा लिहून दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटवली.

यात गोळीच्या घसरणीचीही साक्ष मिळते. 370 ग्रेनची गोळी सेकंदाला 1300 फुटांच्या आसपास निघाली आणि नेम 75 यार्डांना बसवला, तर 50 यार्डांवर ती सव्वा इंच वर लागते, 100 वर तीन इंच खाली, आणि 125 वर आठ इंचांहून जास्त खाली. 75 पर्यंत माशी थेट छातीवर ठेवायची, अंदाज-बिंदाज काही नाही. 125 वर अंतराचा अंदाज चुकला की गोळी पायात किंवा छातीखालून.

गोल की लांबट

इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी ही या बंदुकीची जुनी, देखणी रीत. .490 व्यासाच्या शुद्ध शिशाच्या गोळीचं वजन 177 ग्रेन भरतं, म्हणजे 170 च्या कायदेशीर किमान वजनाच्या जरा वर. घट्ट विणीच्या सुती कापडाची वंगण लावलेली चिंधी, तिच्यावर गोळी, वरून ठासायचा गज. चिंधी आट्यांत रुतते आणि गोळीला फिरवते. शिसं नळीला लागतच नाही. स्वस्त, कमी धक्क्याची, आणि 50 यार्डांवर या नळीतून लांबट गोळीहूनही नीट गट, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा जवळजवळचा पुंजका, देणारी.

अडचण वेगाची आहे. गोल वस्तूला हवा फार अडवते. 90 ग्रेन दारूवर ती 1800 फुटांच्या आसपास निघाली, तर नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा पावणेतेराशे फूट-पाउंड असते. 75 यार्डांवर वेग 1150 च्या आसपास उतरतो आणि ऊर्जा उरते सव्वापाचशेच्या घरात. 370 ग्रेनची लांबट गोळी 80 ग्रेन दारूवर 1300 ने निघते, तोंडाशी ऊर्जा चौदाशेला थोडी कमी. म्हणजे सुरुवात दोघींची जवळपास सारखी. पण 75 यार्डांवर लांबट गोळीकडे हजारच्या वर शिल्लक असते, जवळजवळ दुप्पट. दारू वाढवून गोल गोळीची ही तूट भरून येत नाही, कारण जास्त वेगाने निघालेली गोळी हवेत तेवढाच जास्त वेग गमावते.

ऊर्जेच्या आकड्यांवर मात्र मी फार विसंबत नाही. गोल गोळीने अमेरिकेत दोन-अडीच शतकं हरणं मारली आहेत आणि आजही मारतात. हरीण आडवं उभं असेल, गोळी फासळ्यांतून फुप्फुसांत जाणार असेल, तर पन्नास-साठ यार्डांवर 177 ग्रेन पुरतात. प्रश्न येतो ते तिरकं उभं असेल तेव्हा, वाटेत खांद्याचं हाड असेल तेव्हा. तिथे जड गोळी आपल्या वजनाच्या जोरावर पुढे जाते आणि पलीकडून बाहेर पडते. बाहेर पडलेलं भोक फार महत्त्वाचं, कारण त्यातून रक्त सांडतं आणि माग काढता येतो. भाचा या प्रकारात नवा होता. हरीण कसं उभं राहील यावर त्याचा ताबा नव्हता, आणि मोक्याच्या क्षणी कोन बिनचूक ओळखण्याचा सरावही नव्हता. म्हणून मी लांबट गोळीच्या बाजूने कौल दिला. त्याच्या जागी मुरलेला माणूस असता आणि त्याने गोल गोळी निवडली असती तर मी एका शब्दाने अडवलं नसतं.

जड गोळी आणि बेताची दारू ही जोडी नवीन नाही. 1857 च्या उठावात जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून ठिणगी पडली, त्या 1853 च्या एनफिल्डची .577 ची गोळी 530 ग्रेनची होती आणि दारू फक्त 68 ग्रेन. त्या काळच्या सैन्याला गोळी लांब न्यायची होती, तरी त्यांनी दारू वाढवली नाही, गोळी जड केली.

दारू

खरी काळी दारू म्हणजे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. गंधकामुळे ती लवकर पेटते, आणि 11 नंबरच्या छोट्या कॅपची ठिणगी वळसा घेत दारूपर्यंत येत असेल तर हे फार मोलाचं. पर्यायी दारूंना पेटायला जास्त उष्णता लागते. त्यातली काही 209 प्रायमर गृहीत धरूनच केलेली आहे. ती या बंदुकीत कॅप फुटूनही न पेटण्याची किंवा क्षणभर उशिरा पेटण्याची भीती. म्हणून खरी काळी दारूच घ्यायची ठरलं. ती प्रत्येक दुकानात मिळत नाही, साठवणुकीचे नियम कडक आहेत. गोएक्स ही अमेरिकेतली जुनी दारू 2022 पासून एस्टेस कंपनीकडे आहे, तीच कोलोरॅडोतल्या पेनरोझची, मुलांची मॉडेल रॉकेटं बनवणारी.

दाणा एफएफजी, म्हणजे मध्यम. एफएफएफजीचा बारीक दाणा लवकर जळतो आणि दाब वाढवतो; .50 मध्ये जड गोळीमागे मला तो नको होता.

मापाबद्दल थोडं. ठासणीच्या बंदुकीत 80 ग्रेन म्हणजे पितळी मापाने मोजलेले 80, तराजूने तोललेले नव्हेत. काळ्या दारूत दोन्ही जवळपास जुळतात. पण पायरोडेक्स ही पर्यायी दारू हलकी असते, तिचं 80 चं माप तोललं तर वजन त्याहून बरंच कमी भरतं. ते पाहून तराजूने 80 पुरे करणारा माणूस खरं तर मर्यादेबाहेर दारू भरतो. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू तर त्याच मापात जास्त जोर देते, आणि तिचे उत्पादक काळ्या दारूशी बरोबरी साधायला 15 टक्के कमी घ्यायला सांगतात. दारू बदलली की आधीचे सगळे आकडे विसरायचे. आणि डब्यातून थेट नळीत कधीही ओतायचं नाही. नळीत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर हातातला अख्खा डबा पेटतो. आधी माप, मग नळी.

मैदानावर

60 ग्रेनपासून सुरुवात केली आणि दहा-दहाने वर गेलो. 75 यार्डांवर, टेकू देऊन. 60 वर गट बरा, पण गोळी सुस्त. 80 वर तीन इंचांच्या आत गट आला आणि पुन्हा पुन्हा आला. 90 वर तो सैल झाला. 100 वर दुपटीने फाकला, खांदा दुखायला लागला आणि भाचा चाप ओढताना डोळे मिटू लागला. मग पुस्तिकेतली मर्यादा कुठे आहे हे पाहायचीही गरज उरली नाही.

गोल गोळीही करून पाहिली, कारण त्याला तिची ओढ होती. तिथे एक गोष्ट त्याला हातात घेऊन दाखवली. बार झाल्यावर पुढे जाऊन गवतातून चिंध्या गोळा करायच्या. 70 ग्रेनवर चिंध्या अख्ख्या मिळाल्या: मधोमध राखाडी गोल ठसा, कडेला आट्यांच्या दाबाच्या काळ्या रेघा, कडा जरा झिरमिळ्या. 90 वर त्याच चिंध्यांच्या कडेला भोकं पडलेली, काही फाटलेल्या. जळलेली चिंधी गोळीला नीट फिरवू शकत नाही आणि गोळी कुठेही जाते. हे कुठल्याही यंत्राशिवाय, डोळ्यांनी वाचता येतं.

प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडं फडकं नळीतून फिरवलं. काळ्या दारूची काजळी साचली की पुढची गोळी अडते आणि नेम सरकतो. पण रानात महत्त्व पहिल्याच गोळीला, स्वच्छ आणि थंड नळीतून जाणाऱ्या. म्हणून शेवटी त्याने वेगळी परीक्षा घेतली: दर वेळी धुतलेली, कोरडी नळी, आधी नुसती कॅप उडवून वाटेतलं तेल जाळायचं, मग भरून एकच गोळी मारायची आणि बंदूक आवरायची. वेगवेगळ्या सकाळच्या या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर जमवल्या. त्या मूळ गटापेक्षा इंचभर वर होत्या, पण एकमेकींजवळ. मागची खाच तेवढी खाली घेतली.

लांबट गोळीचा एक धोका गोल गोळीला जवळजवळ नसतो. तिच्याभोवती चिंधी नसल्याने बंदूक नळी खाली करून चाललो किंवा धक्के बसले तर ती दारूपासून पुढे सरकू शकते. मध्ये पोकळी राहिली आणि बार काढला तर नळीला फुगवटा येतो किंवा ती फुटते. त्यावर उपाय गजावरची खूण. 80 ग्रेन आणि ही गोळी पूर्ण बसल्यावर गज जिथे नळीच्या तोंडाशी येतो तिथे सुरीने रेघ ओढायची. चालताना अधूनमधून, कॅप काढून आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, गज आत सोडायचा. रेघ वर आली असेल तर गोळी पुन्हा खाली ठासायची. गाडीत बसताना तर कॅप काढायचीच. कोलोरॅडोत कॅप काढलेली ठासणीची बंदूक रिकामी मानली जाते.

रानात

सप्टेंबरमध्ये त्या डोंगरात दुपारी गडगडाटी पाऊस हमखास. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली होती, घोड्यावर चामड्याचं आवरण. अंगावर 500 चौरस इंच भडक नारिंगी आणि डोक्यावर नारिंगी टोपी, नियमाप्रमाणे.

एका संध्याकाळी मोठ्या शिंगांचा नर उघड्यावर आला आणि थांबून राहिला. अंतरमापकात आकडा 130 च्या वर. त्याने बंदूक उचललीच नाही. रात्री फोनवर तो बराच वेळ त्या नराबद्दलच बोलत होता, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटला, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं.

पुढे एका सकाळी लहान शिंगांचा नर अॅस्पेनमधून खाली उतरला, साठ यार्डांच्या आत, पण तिरका. गोळी अलीकडच्या खांद्यामागून शिरली, दोन्ही फुप्फुसांतून गेली आणि पलीकडच्या खांद्याजवळून बाहेर पडली. धूर विरेपर्यंत हरीण दिसेनासं झालं होतं. रक्ताचा माग रुंद आणि सलग होता. चाळीसेक पावलांवर ते पडलेलं सापडलं. डोकं रोगतपासणीला दिलं, कारण त्या भागात हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा त्यांना झिजवून मारणारा रोग आहे. तो रोग पहिल्यांदा नोंदला गेला तोच 1967 मध्ये, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवलं.

बंदूक त्याच रात्री साबणाच्या गरम पाण्याने धुतली. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि एका रात्रीत नळीला गंज चढवते.

पुढच्या हंगामासाठी गोळी तीच, दारू तीच. बदलणार आहे ती फक्त माशी: मण्याच्या जागी अर्ध्या रुंदीची पाती बसवायची आहे. ती बसल्यावर मर्यादा शंभर यार्डांवर न्यावी असं भाच्याचं म्हणणं. मी म्हटलंय, आधी स्वच्छ नळीतल्या पहिल्या गोळ्यांचा कागद शंभर यार्डांवरून दाखव, मग बोलू.